बँकांची तरलता: अंदाजाचं शास्त्र आणि सरकारची तिजोरी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. त्यांचा एक आग्रह असे. आकडा समोर आला की तो किती आहे हे बघण्याआधी तो कोणाला आणि कधी कळला हे विचारायचं. माझ्या आजच्या विषयात हा आग्रह पावलोपावली कामी येतो. देशातल्या सगळ्या बँकांच्या हातात मिळून उद्या किती पैसा असेल, आणि तो आज सांगता येईल का, हा तो विषय. सांगण्याच्या पद्धती गेल्या पंचवीस वर्षांत फार सुधारल्या. मशीन लर्निंग आलं, संगणक स्वस्त झाले. तरीही अंदाज चुकतात. ते कुठे चुकतात हे नीट पाहिलं, तर मला तरी दोष पद्धतींपेक्षा माहितीच्या वाटेत जास्त दिसतो.

आधी बँकेचा पैसा म्हणजे काय ते बघू. तुमच्याआमच्या दृष्टीने पैसा म्हणजे बँकेतल्या खात्यावरची शिल्लक. बँकेच्या दृष्टीने पैसा म्हणजे रिझर्व्ह बँकेत तिचं स्वतःचं जे खातं असतं, त्यावरची शिल्लक. चाकणच्या एका कारखान्याने नाशिकच्या पुरवठादाराला दोन कोटी रुपये दिले, तर एका बँकेचे दोन कोटी कमी होतात आणि दुसरीचे वाढतात. सगळ्या बँका मिळून पाहिलं तर बेरीज जिथल्या तिथे. पण त्याच कारखान्याने १५ मार्चला आगाऊ कराचा शेवटचा हप्ता म्हणून दोन कोटी भरले, की हिशेब बदलतो. ती रक्कम बँकेकडून सरकारच्या खात्यात जाते, आणि सरकारचं खातं रिझर्व्ह बँकेत आहे. तेवढा पैसा बँकांच्या वर्तुळातून बाहेर पडला. सरकार तो पेन्शन, पगार, खतांचं अनुदान किंवा रस्त्याच्या कंत्राटदाराचं बिल म्हणून खर्च करेपर्यंत तो बाहेरच राहतो. कारखान्यात काही बदललं नाही, बँकेच्या ठेवीदारांना काही जाणवलं नाही. मुंबईच्या मनी मार्केटमध्ये मात्र त्या आठवड्यात एका रात्रीसाठी उसना मिळणारा पैसा महाग होतो.

हे दुखणं जुनं आहे. अर्थशास्त्रज्ञ केन्सचं पहिलं पुस्तक भारताच्या चलनव्यवस्थेवर होतं, ते १९१३ साली आलं. त्यात बँक ऑफ बॉम्बेसारख्या प्रेसिडेन्सी बँकांच्या व्याजदरांची चर्चा आहे. पावसाळ्यात तीन टक्क्यांपर्यंत उतरणारा दर पीक बाजारात आलं की सात-आठ टक्क्यांवर चढायचा. वऱ्हाड-खानदेशचा कापूस खरेदी करायला मुंबईहून रोकड आत जायची आणि मुंबईत चणचण व्हायची. हा झाला शेतीचा भाग. केन्सने बोट ठेवलं ते दुसऱ्या गोष्टीवर. नेमक्या त्याच महिन्यांत शेतसारा गोळा होत असे, आणि सरकार तो पैसा बँकांत न ठेवता आपल्या स्वतंत्र खजिन्यांत कुलूपबंद करत असे. बाजाराला पैसा सर्वांत जास्त हवा तेव्हाच सरकार तो काढून घेत होतं. शेतसाऱ्याच्या जागी आज जीएसटी आणि आगाऊ कर आहे, खजिन्याच्या जागी रिझर्व्ह बँकेतलं खातं आहे. रचना तीच राहिली.

आज ही चणचण भरून काढण्याचं यंत्र आपल्याकडे आहे. जून २००० मध्ये नरसिंहम समितीच्या शिफारशीनुसार तरलता समायोजन सुविधा सुरू झाली. बँकांना पैसा कमी पडला तर रिझर्व्ह बँक रोखे ताब्यात घेऊन रेपोने पैसा देते, जास्त झाला तर शोषून घेते. २०११ साली व्याजदराच्या पट्ट्याला एमएसएफचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडून एका रात्रीसाठी महाग दराने उसनं घेण्याच्या सोयीचं, छत आलं आणि एप्रिल २०२२ मध्ये एसडीएफचा, म्हणजे जादा पैसा तिच्याकडे ठेवण्याच्या सोयीचा, तळ. मधल्या रेपो दराच्या पाव टक्का वर छत, पाव टक्का खाली तळ. एका रात्रीचा दर या पट्ट्याच्या मध्याजवळ ठेवणं हे रिझर्व्ह बँकेचं रोजचं काम. ते करायचं तर आज किती पैसा ओतायचा किंवा शोषायचा हे सकाळीच ठरवावं लागतं. म्हणजे संध्याकाळी काय होणार आहे याचा अंदाज सकाळी हवा. लिलाव सात दिवसांचा असेल तर सात दिवसांचा अंदाज हवा.

अंदाज नेमका कशाचा करायचा? बँकांच्या एकूण शिलकीला चार गोष्टी हलवतात. लोकांच्या हातातली रोकड, सरकारची शिल्लक, रिझर्व्ह बँकेची डॉलरची खरेदी-विक्री आणि रोख राखीव निधीची, म्हणजे ठेवींच्या ठराविक टक्के रक्कम रिझर्व्ह बँकेत ठेवण्याची अट. शेवटची गोष्ट रिझर्व्ह बँकच ठरवते आणि आधी जाहीर करते. जून २०२५ मध्ये तिने ही अट चार टक्क्यांवरून तीनवर आणायचं ठरवलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर अशा चार टप्प्यांच्या तारखाही तेव्हाच सांगितल्या, आणि सुमारे अडीच लाख कोटी मोकळे होतील हेही सांगितलं. त्यात भाकिताला काही उरलंच नाही. उरलेल्या तिन्हींचे स्वभाव मात्र पूर्ण वेगळे आहेत, आणि सगळ्या पद्धतींची परीक्षा तिथेच होते.

रोकड ही त्यातली सर्वांत शहाणी. मार्च २०२५ अखेर सुमारे ३७ लाख कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. नोट बँकेतून बाहेर गेली की बँकेचा पैसा तेवढा कमी, परत आली की तेवढा जास्त. एक टक्का इकडेतिकडे झालं तरी ३७ हजार कोटी होतात, म्हणून हा अंदाज किरकोळ समजून चालत नाही. पण रोकडीला सवयी असतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार झाले की ती बाहेर पडते आणि शेवटच्या आठवड्यात दुकानदारांकडून परत येते. सुगीत, लग्नसराईत, निवडणुकीत ती वाढते, पावसाळ्यात थोडी माघारी फिरते. बॉक्स आणि जेन्किन्स यांनी १९७० साली मांडलेली अरिमा पद्धत अशा सवयी पकडायला अजूनही उत्तम आहे. युरोपीय मध्यवर्ती बँकेसाठी २००२ साली झालेल्या एका अभ्यासात रोजच्या नोटांचा अंदाज करायला अरिमा आणि तिची भावंडंच वापरली होती. त्यातली निम्मी मेहनत आठवड्याचे वार, महिन्याचे दिवस आणि ईस्टरसारखे सरकणारे सण समीकरणात बसवण्यावर होती.

आपल्याकडे ही मेहनत जास्तच लागते. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. २०२३ साली अधिक श्रावण आला म्हणून त्या वर्षी सगळे सण लांबले होते. इंग्रजी महिन्यांवर बेतलेलं ऋतुमान मॉडेलमध्ये घातलं, तर ते एका वर्षी नोव्हेंबरात वाट पाहत बसतं आणि तोवर दिवाळी होऊन गेलेली असते. उपाय माहितीचा आहे आणि साधा आहे. प्रत्येक दिवसाला ‘लक्ष्मीपूजनाला किती दिवस उरले’ हा एक आकडा जोडायचा, आधीचे वीस-एकवीस दिवस आणि नंतरचे पंधरा. मग मॉडेलला दिसतं की रोकड सणाआधी साधारण कधी बाहेर पडू लागते आणि सणानंतर किती हळू परत येते. जाण्याचा वेग आणि येण्याचा वेग सारखा नसतो, हेही त्यातून कळतं. एका वेळी अशी एकेक गोष्ट मॉडेलला शिकवण्यात जो आनंद आहे, तो मला दुसऱ्या कुठल्याही कामात क्वचितच मिळाला आहे. गुढीपाडवा, ईद, ओणम, पोंगल, बिहू यांचे असेच स्तंभ लागतात, आणि प्रत्येकाचं वजन राज्यागणिक वेगळं.

यूपीआयमुळे रोकड संपेल आणि ही कटकटही संपेल, असं काहींना वाटत होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयचे व्यवहार एका महिन्यात दोन हजार कोटींच्या पुढे गेले. नोटाही वाढतच आहेत. बदललं ते एवढंच की रोज वापरायची रोकड आणि घरात राखून ठेवायची रोकड यांचं प्रमाण हललं. त्यामुळे जुन्या सवयींचे आकडे दरवर्षी थोडे पुसून नव्याने मोजावे लागतात.

सवय मोडणाऱ्या घटना हा वेगळाच विषय. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातल्या किमतीने ८६ टक्के नोटा बाद झाल्या. सुमारे १८ लाख कोटींची रोकड जानेवारी २०१७ च्या सुरुवातीला सुमारे नऊ लाख कोटींवर आली. लोकांनी नोटा बँकांत भरल्या आणि बँकांकडे पैशाचा महापूर आला. २६ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर या काळात वाढलेल्या ठेवींवर शंभर टक्के राखीव निधी लावला. पुढे जादा पैसा शोषण्यासाठी रोखे काढणाऱ्या बाजार स्थिरीकरण योजनेची मर्यादा ३० हजार कोटींवरून सहा लाख कोटी केली आणि डिसेंबरात ती शंभर टक्क्यांची अट काढली. हे कुठल्याही मॉडेलला आधी कळणं शक्य नव्हतं, आणि त्याबद्दल मॉडेलला दोष देण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न नंतरचा आहे. हे दोन-तीन महिने आकड्यांच्या मालिकेत तसेच ठेवले, तर पुढे कित्येक वर्षं मॉडेल प्रत्येक नोव्हेंबरात थोडीशी नोटबंदी अपेक्षित धरतं. काढून टाकले तर मालिकेला भोक पडतं आणि रोकड पुन्हा कशी भरत गेली हा धडाही जातो. बॉक्स आणि त्याओ यांनी १९७५ साली लॉस एंजेलिसच्या हवेतल्या प्रदूषणाचं उदाहरण घेऊन यावरची वाट दाखवली होती. घटनेला तिचा स्वतःचा स्तंभ द्या, तिचा धक्का आणि धक्क्याचं ओसरणं वेगळं मोजा, म्हणजे बाकीचं ऋतुमान स्वच्छ राहील. हे काम मशीन आपणहून करत नाही. इथे घटना काय होती हे जाणणारा माणूस लागतो. मे २०२३ मध्ये दोन हजारांच्या नोटा मागे घेतल्या तेव्हा हाच स्तंभ लहान प्रमाणावर पुन्हा उपयोगी पडला. त्या वेळी ३.५६ लाख कोटींच्या नोटा चलनात होत्या, बहुतेक साठवणुकीत होत्या आणि त्या ठरलेल्या मुदतीत परत येणार हे ठाऊक होतं.

आता मशीन लर्निंगकडे येतो, कारण सभागृहात बसलेल्या तरुण मित्रांना ते ऐकायचं आहे हे मला माहीत आहे. २०१८ च्या एम-फोर या अंदाजपद्धतींच्या स्पर्धेत एक लाख कालश्रेणी होत्या. तिथे निव्वळ मशीन लर्निंगवर विसंबलेल्या सहा पद्धती आल्या होत्या. साध्या सांख्यिकी पद्धतींची सरासरी काढून केलेल्या अंदाजाला त्यांतली एकही मागे टाकू शकली नाही. जिंकली ती स्लावेक स्मिल यांची मिश्र पद्धत, जुनं घातांकी समतलन आणि न्यूरल नेटवर्क एकत्र करणारी. दोन वर्षांनी एम-फाइव्ह स्पर्धेत वॉलमार्टच्या विक्रीचे आकडे होते, तिथे निर्णयवृक्षांच्या ‘बूस्टिंग’ पद्धतींनी बाजी मारली. फरक कशाने पडला? वॉलमार्टकडे हजारो वस्तू, अनेक दुकानं, किमती आणि सणांची माहिती होती. एका वस्तूची सवय दुसरीला शिकवता येत होती.

आपल्याकडे श्रेणी एकच आहे. भारताची बँकव्यवस्था एक, रिझर्व्ह बँक एक. २००० पासून रोजचे आकडे धरले तर सहा हजारांच्या आसपास कामाचे दिवस होतात. ऐकायला बरं वाटतं. पण त्यात ३१ मार्च फक्त पंचवीस, दिवाळ्या पंचवीस. त्यांतही नियम बदलत गेले. २०१३ मध्ये मुदतीचे रेपो आले, एप्रिल २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यवस्था तुटीत ठेवण्याऐवजी समतोलाजवळ आणायचं ठरवलं, फेब्रुवारी २०२० मध्ये चौदा दिवसांचा रेपो मुख्य साधन झाला, २०२५ मध्ये त्याची जागा सात दिवसांच्या लिलावाने घेतली. आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सातही दिवस चालू आहे. त्यामुळे शनिवारी-रविवारीही बँकेचा पैसा बाहेर जाऊ शकतो, आणि रविवारी उसना घ्यायला बाजार उघडा नसतो. म्हणून बँका शुक्रवारी थोडी जास्त शिल्लक हाताशी ठेवतात. एवढे बदल झाल्यावर आजच्या नियमांखाली झालेल्या दिवाळ्या मोजायला एका हाताची बोटं पुरतात. लाखो गुणक असलेलं न्यूरल नेटवर्क एवढ्या उदाहरणांवर काय शिकणार? ते पाठांतर करतं, आणि जुन्या पेपरात पैकीच्या पैकी गुण मिळवतं.

तरीही बूस्टिंग मी सोडत नाही, आणि तुम्हीही सोडू नका. त्याची जागा ठरवून द्या. आधी माहीत असलेलं सगळं हिशेबाने लावायचं. आज कुठले रोखे परत फेडले जाणार, शुक्रवारच्या लिलावाचे पैसे सोमवारी सरकारकडे जाणार, मंगळवारच्या राज्यांच्या कर्जरोख्यांचे बुधवारी, बुधवारच्या ट्रेझरी बिलांचे गुरुवारी. यात भाकीत काहीच नाही, निव्वळ डायरी आहे. मग रोकडीची सवय अरिमाने काढायची. जे उरलं ते बूस्टिंगच्या हाती द्यायचं. उरलेल्या भागात सरळ रेषेत न बसणारे संबंध असतात. उदाहरणार्थ, २० तारखेचा जीएसटी रविवारला जोडून आला आणि त्याच वेळी सरकारची शिल्लक आधीच मोठी असली, तर परिणाम वेगळा दिसतो. असे संबंध वृक्षांना चांगले सापडतात. बेट्स आणि ग्रेंजर यांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं की दोन वेगळ्या अंदाजांची मोजून केलेली सरासरी बहुधा दोघांहून बरी निघते. ते सूत्र इथे दरवेळी खरं ठरतं.

सरांचा आग्रह इथे अगदी शब्दशः लागू होतो. पुष्कळ प्रबंधांत मॉडेल फार अचूक दिसतं, कारण त्याला संध्याकाळी कळणारा आकडा सकाळीच दिलेला असतो. सरकारची आजची अखेरची शिल्लक आजच्या अंदाजात घातली, तर उत्तर बरोबर येणारच. म्हणून प्रत्येक स्तंभाशेजारी तो कोणत्या तारखेला आणि किती वाजता प्रसिद्ध झाला हे लिहिलेलं हवं, आणि तपासणी करताना मॉडेलला तेवढंच दाखवावं जेवढं त्या सकाळी माणसाला दिसत होतं. तुलना कशाशी करायची तेही आधी ठरलेलं हवं. ‘उद्या आजच्याइतकंच असेल’ हा सर्वांत आळशी अंदाज आहे, आणि त्याला सातत्याने हरवणं लोकांना वाटतं तितकं सोपं नाही.

डॉलरची खरेदी-विक्री हा प्रांत रिझर्व्ह बँकेला स्वतःला ठाऊक असतो, इतरांना नसतो. तिने रुपया सावरण्यासाठी आज स्पॉट बाजारात डॉलर विकले, तर दोन कामकाजी दिवसांनी तेवढे रुपये बँकांकडून निघून जातात. तिच्या टेबलावर ही दोन दिवस आधीची पक्की बातमी असते. एखाद्या बँकेच्या ट्रेझरीत बसलेल्या अधिकाऱ्याला मात्र रुपयाच्या हालचालीवरून तर्क करावा लागतो. जानेवारी २०२५ च्या चौथ्या आठवड्यात बँकांची तूट तीन लाख कोटींच्या पुढे गेली, त्यामागे डॉलरविक्री आणि सरकारची साठलेली शिल्लक दोन्ही होत्या. २७ जानेवारीला रिझर्व्ह बँकेने ६० हजार कोटींची रोखेखरेदी, ५६ दिवसांचा ५० हजार कोटींचा रेपो आणि पाच अब्ज डॉलरची अदलाबदल एकदम जाहीर केली.

पण सगळ्यात बेभरवशाचं असतं सरकारचं खातं. करांच्या तारखा पक्क्या आहेत. खर्चाच्या तारखा पक्क्या नाहीत. पगार-पेन्शन कळतं, पण एखाद्या मंत्रालयाने योजनेचा हप्ता आज सोडला की पुढच्या आठवड्यात, हे सोडल्यावरच कळतं. अलीकडे केंद्राने पैसा राज्यांच्या आणि यंत्रणांच्या खात्यांत आधी टाकून न ठेवता गरजेच्या वेळीच सोडायचं धोरण घेतलं आहे. करदात्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कारण पूर्वी हा पैसा महिनोन्‌महिने बँकांत पडून राहायचा आणि सरकार दुसरीकडे व्याजाने कर्ज काढायचं. पण त्याचा अर्थ असा की पूर्वी बँकांत पडून असणारा तो पैसा आता रिझर्व्ह बँकेत पडून असतो. बँकांच्या तरलतेचे हेलकावे त्यामुळे मोठे झाले.

हे आपलंच दुखणं नाही. जेम्स हॅमिल्टन यांनी १९९७ मध्ये अमेरिकेत एक सुंदर काम केलं. फेडरल रिझर्व्ह रोज ट्रेझरीच्या खात्यातल्या शिलकीचा अंदाज करायची आणि तो चुकायचा. हॅमिल्टननी त्या चुकाच घेतल्या आणि चुकीमुळे कमी-जास्त झालेल्या पैशाने एका रात्रीचा दर किती हलतो ते मोजलं. चूक ही फेकून द्यायची गोष्ट राहिली नाही, तिच्यातूनच अर्थशास्त्राचा एक मूळ प्रश्न सुटू लागला. त्याच देशात सप्टेंबर २०१९ च्या मध्यावर कंपन्यांच्या कराची तारीख आणि सरकारी रोख्यांचे पैसे भरण्याची तारीख जवळजवळ एकत्र आल्या. दोन्ही तारखा सगळ्यांना माहीत होत्या. तरी १७ सप्टेंबरला रेपोचे काही व्यवहार दहा टक्क्यांच्या आसपास गेले, फेडला तातडीने पैसा ओतावा लागला. बेरीज बरोबर होती. बँका आपल्याकडचा जादा पैसा किती सहज दुसऱ्याला देतील, हा अंदाज चुकला.

म्हणून एकाच आकड्यावर थांबणारा अंदाज मला अपुरा वाटतो. उद्या पन्नास हजार कोटींची तूट असेल असं सांगून भागत नाही. ती तीस ते सत्तरमध्ये आहे की शून्य ते एक लाखमध्ये, यावर निर्णय बदलतो. कोएन्कर आणि बॅसेट यांची १९७८ ची क्वांटाइल पद्धत नेमकं हेच देते, आणि बूस्टिंगलाही ती शिकवता येते. शिवाय दोन्ही बाजूंच्या चुका सारख्या महाग नसतात. पैसा थोडा जास्त ओतला गेला तर दर तळाकडे सरकतो, बँका जादा रक्कम एसडीएफमध्ये ठेवतात, नुकसान मर्यादित. कमी ओतला गेला तर संध्याकाळी छताकडे धाव घ्यावी लागते. आणि धाव कोण घेतं? मोठ्या बँकांकडे रोखे भरपूर, उसने देणारेही भरपूर. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँका देशात सर्वाधिक आहेत. त्यांतल्या छोट्या बँकेच्या अधिकाऱ्याकडे ना मॉडेल असतं ना वेळ. तो चुकू नये म्हणून जास्त शिल्लक बिनव्याजी ठेवून देतो, आणि त्या सावधगिरीचा खर्च शेवटी कर्जदाराच्या व्याजात येतो.

येत्या काळातल्या एका गोष्टीकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे. बँकांना राखीव निधीची सरासरी पंधरवड्याच्या हिशेबाने राखावी लागते, आणि रोज किमान नव्वद टक्के. हा पंधरवडा पूर्वी एक आड शुक्रवारी संपायचा. २०२५ च्या बँकिंग कायदा दुरुस्तीने तो बदलला. आता पहिला पंधरवडा १ ते १५, दुसरा १६ ते महिनाअखेर. याचा परिणाम पाहा. आगाऊ कराच्या चारही तारखा, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च, आता कायमच्या पंधरवड्याच्या शेवटच्या दिवसावर आल्या. पूर्वी त्या पंधरवड्यात कुठेही पडत. पैसा पंधराव्याच दिवशी सरकारच्या खात्यात गेला, तर सरासरी भरून काढायला एकही दिवस हाती नाही. तोच पैसा बँकेने सोळाव्या दिवशी वर्ग केला, तर सगळा पंधरवडा पुढे मोकळा आहे. एका दिवसाच्या फरकाने दराची वागणूक उलटी होऊ शकते. दुसरा पंधरवडा महिनाअखेरीस संपतो, तेव्हा सरकारचे पगार-पेन्शन बाहेर पडत असतात, म्हणजे तिथे शेवट बहुधा सैल असेल. यातलं काहीही जुन्या आकड्यांत नाही. जुन्या श्रेणीवर शिकलेलं मॉडेल, ते कितीही खोल असो, शुक्रवारची वाट पाहत राहील. आता काही वर्षं नियम वाचून, हिशेब मांडून हाताने स्तंभ जोडणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाचीच गरज आहे.

माझी मागणी यातूनच येते. रिझर्व्ह बँक रोज मनी मार्केटचे तपशील प्रसिद्ध करते. किती पैसा ओतला, किती शोषला, बँकांची शिल्लक किती, लिलावासाठी धरलेली सरकारची जादा शिल्लक किती, हे सगळं त्यात असतं. २०२० पासून टिकाऊ तरलतेचा अंदाजही पंधरवड्याला, थोड्या उशिराने का होईना, मिळतो. ही पारदर्शकता मोठी आहे आणि मी तिचं मनापासून कौतुक करतो. पण हे सगळं झालेल्या दिवसाचं आहे. पुढच्या दिवसांबद्दल रिझर्व्ह बँकेची अपेक्षा काय होती, हे बाहेर कळत नाही, त्यामुळे अंदाज किती चुकला हेही कळत नाही. युरोपीय मध्यवर्ती बँक रोकड, सरकारी ठेवी वगैरे आपल्या हाताबाहेरच्या घटकांचा एकत्रित अंदाज लिलावाबरोबर जाहीर करते. आपल्याकडेही पुढच्या सात दिवसांचा असा एक आकडा, त्याची वरची-खालची मर्यादा आणि आठवड्याअखेर निघालेली चूक एवढं प्रसिद्ध व्हावं.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. रिझर्व्ह बँकेचे डॉलरचे बेत उघड होतील, हा पहिला. अंदाज सगळ्या घटकांचा मिळून एकच असेल तर कुठला भाग डॉलरचा हे बाहेरच्याला वेगळं काढता येणार नाही, आणि तरीही भीती वाटली तर तेवढा घटक बेरजेतून वगळता येईल, वगळल्याचं सांगून. दुसरा आक्षेप असा की सरकारलाच आपला खर्च आधी माहीत नसतो, मग रिझर्व्ह बँक तरी काय सांगणार. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो खरा आहे. पण त्यावरचा इलाज अंदाज झाकून ठेवण्यात नाही. ज्या मंत्रालयांचे हप्ते हजारो कोटींचे आहेत, त्यांनी पुढच्या दोन आठवड्यांचं वेळापत्रक वित्त मंत्रालयाला आणि त्याने रिझर्व्ह बँकेला द्यावं, ठराविक रकमेपुढचा हप्ता आठवडाभर आधी कळवल्याशिवाय सुटू नये. आठवड्याची चूक छापली जाऊ लागली की ती कुठल्या घटकातून आली हे आतल्या लोकांना दिसेलच. ती सरकारच्या खात्यातून आली असेल, तर वेळापत्रक पाळलं का, हा प्रश्न विचारायला अर्थसंकल्पाच्या दिवसाची वाट पाहावी लागणार नाही.